बोनेट उघडून सांगा
(ब्रिटनमधल्या मराठी श्रोत्यांसाठी केलेलं रेडिओवरील भाषण)



भारतातून इथे राहायला आलेल्या माणसाला तिकडच्या लायसन्सवर बारा महिने गाडी चालवता येते. त्यानंतर ब्रिटिश लायसन्स लागतं, आणि ते नुसतं बदलून मिळत नाही. लर्नरपासून सुरुवात करायची, आधी थिअरी, मग रस्त्यावरची परीक्षा. या दुसऱ्या परीक्षेत गाडी हलण्याआधी परीक्षक एक प्रश्न विचारतो. प्रश्नांची यादी सरकारनेच जाहीर केलेली असते, त्यामुळे सगळेजण ती पाठ करून जातात. त्यातले तीन प्रश्न बोनेट उघडायला लावणारे आहेत. इंजिनात पुरेसं ऑइल आहे का, ते कसं तपासाल? कूलंट पुरेसं आहे का, ते कसं तपासाल? आणि ब्रेक ऑइलची पातळी सुरक्षित आहे का, ते कसं तपासाल?

उत्तर बरोबर येतं, लायसन्स मिळतं, आणि पुढे कित्येकांच्या गाडीचं बोनेट डॅशबोर्डवर लाल दिवा लागेपर्यंत उघडलं जात नाही. आजचं बोलणं या तीन प्रश्नांवर आहे, कारण गाडीच्या मालकाला त्या परीक्षेतलं याहून कामाचं दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत आहे.

बोनेट न उघडण्यामागे एक मोठा गैरसमज आहे. ‘एमओटी पास झाली, आता वर्षभर बघायला नको,’ असं आपल्या ओळखीत सर्रास ऐकू येतं. गाडीची ही सक्तीची तपासणी 1960 साली अर्नेस्ट मार्पल्स वाहतूकमंत्री असताना सुरू झाली. तेव्हा ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी होती आणि ब्रेक, दिवे, स्टिअरिंग एवढंच पाहिलं जाई. आज गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ती करावी लागते, उत्तर आयर्लंडमध्ये चार वर्षांची झाली की. तपासण्याच्या गोष्टी खूप वाढल्या आहेत. पण इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अवस्था त्यात तपासली जात नाही, हे सरकारी संकेतस्थळावरच स्पष्ट लिहिलेलं आहे. मे 2018 पासून ब्रेक ऑइल उघडपणे दूषित दिसलं तर तशी नोंद होते, पण तीही टाकीचं झाकण न उघडता, प्लास्टिकमधून दिसेल तेवढीच. ऑइल किती जुनं आहे आणि त्यात किती पाणी मुरलंय, हे तपासनिसाला कळायला मार्ग नसतो. एमओटीचा कागद त्या एका दिवसापुरता आणि बाहेरून दिसणाऱ्या गाडीपुरता असतो. आतली द्रवं मालकानेच सांभाळायची असतात.

आधी इंजिन ऑइल. धातूवर धातू घासू नये म्हणून ते असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याला आणखी बरीच कामं असतात. पिस्टनची उष्णता वाहून न्यायची, काजळी अंगात धरून ठेवायची, जळणातून तयार होणारी आम्लं मारायची. यासाठी त्यात रसायनं घातलेली असतात आणि ती हळूहळू संपतात. पातळी जागेवर असली तरी अंगातली ताकद गेलेली असू शकते.

इथल्या हवेचा आणि इथल्या राहणीचा संबंध येतो तो या ठिकाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे जाते, पण थोडी पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन चांगलं तापून बराच वेळ चाललं तर तीही उडून जाते. जानेवारीत सकाळी मुलांना शाळेत सोडायचं, परत यायचं, दुपारी पुन्हा तेवढंच अंतर. यात ऑइल कधी पुरतं तापतच नाही. पाणी आत राहतं, न जळलेलं पेट्रोल राहतं, आणि ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरा लगदा जमतो. वर्षाला तीन हजार मैल अशी शाळा-दुकान करणारी गाडी मोटरवेवर पंधरा हजार मैल धावणाऱ्या गाडीपेक्षा ऑइल लवकर नासवते. म्हणून ‘फार चाललेली नाही’ या एका गुणावर सेकंडहँड गाडी घेऊ नये, आणि मैल कितीही कमी असोत, वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर बदलावा. डिझेल गाडीत आणखी एक धोका असतो. धुराची काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करत असतानाच प्रवास संपला, आणि हे वारंवार झालं, तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकच्या पट्टीवर पातळी वाढलेली दिसली तर ते चांगलं लक्षण समजू नका. ऑइल पातळ झालेलं असतं.

तपासायला फार वेळ लागत नाही. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, ऑइल खाली उतरायला काही मिनिटं द्यायची. डिपस्टिक काढून पुसायची, पुन्हा घालायची, काढून बघायची. दोन खुणांच्या मध्ये पातळी हवी. वरच्या खुणेच्या वर भरणंही घातक आहे, कारण क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, त्याचा फेस होतो आणि फेस धड वंगण होऊ शकत नाही. काही नव्या गाड्यांत डिपस्टिक नसतेच. तिथे पडद्यावरची पातळी कुठे पाहायची ते माहितीपुस्तिकेत शोधून ठेवा.

आता थोडं मिनीबद्दल, कारण ऑइलचं महत्त्व या गाडीइतकं दुसऱ्या कुठल्या ब्रिटिश गाडीने शिकवलं नसेल. ऑगस्ट 1959 मध्ये ती बाजारात आली. तिचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स चक्क इंजिनाखाली, ऑइलच्या टाकीतच घातला. दहा फुटांच्या गाडीत चार माणसं बसली ती या युक्तीमुळे. पण त्यामुळे एकाच ऑइलला इंजिनही सांभाळावं लागे आणि गिअरही. गरम झाल्यावर ऑइल फार पातळ होऊ नये म्हणून त्यात लांबलचक रेणू घातलेले असतात. गिअरचे दाते ते रेणू चिरडत, आणि ऑइलचा दाटपणा लवकर जाई. म्हणून जुन्या मिनीवाले आजही 20डब्ल्यू-50 सारखं दाट ऑइल घालतात आणि ते वेळेआधीच बदलतात. आजच्या गाड्यांची गरज उलटी आहे. त्यांना 0डब्ल्यू-20 सारखं पातळ ऑइल लागतं. फोर्डचं एक लिटरचं इकोबूस्ट इंजिन इथेच, इसेक्समधल्या डन्टन इथे विकसित झालं. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत टायमिंग बेल्टच ऑइलमध्ये भिजत फिरतो. अशा गाडीत चुकीचं किंवा जुनं ऑइल राहिलं तर बेल्ट झिजून त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि इंजिनच कामातून जातं. डब्यावरचा आकडा पुस्तिकेतल्या आकड्याशी जुळलाच पाहिजे. सवलतीत मिळालं म्हणून दुसरं ऑइल आणू नका.

दुसरं, कूलंट. मिनी आली त्याच वर्षी, 2 नोव्हेंबरला, एम-वन मोटरवे खुला झाला. वेगमर्यादा नव्हती. वळणावळणाच्या रस्त्यांसाठी बनलेल्या गाड्या लोकांनी तासन्‌तास पूर्ण वेगात पळवल्या, आणि कितीतरी गाड्या उकळून कडेला उभ्या राहिल्या. आपल्याला हे दृश्य बोरघाटातून ओळखीचं आहे. खंडाळ्याला बोनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतणारे टॅक्सीवाले आपण पाहिले आहेत, आणि ती सवय आपल्या हातात आहे. इथे ती मोडली पाहिजे. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं पाणी जड आहे, त्यातला चुना रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. त्याहून गंभीर म्हणजे, पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि त्या रेट्याने इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. अँटिफ्रीझ सर्रास मिळू लागण्याआधी इथले लोक हिवाळ्यात रोज रात्री रेडिएटर रिकामा करत आणि सकाळी पुन्हा भरत.

या देशात नोंदलेलं सर्वात कमी तापमान उणे 27.2 अंश आहे. स्कॉटलंडमधल्या आल्टनाहाराला डिसेंबर 1995 मध्ये ते नोंदलं गेलं. सर्वात जास्त 40.3 अंश, लिंकनशरमधल्या कनिंग्जबीला, 19 जुलै 2022 रोजी. दोन्ही टोकांना एकच द्रव पुरतं. ग्लायकॉल आणि शुद्ध केलेलं पाणी निम्मं-निम्मं घेतलं तर ते उणे 35 अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही, आणि उन्हाळ्यात उशिरा उकळतं. शिवाय त्यात गंज रोखणारी रसायनं असतात. तीही संपतात, रंग मात्र तसाच राहतो. त्यामुळे रंगावरून कूलंट चांगलं की वाईट ठरवू नका, आणि रंग सारखा आहे म्हणून दोन जातींचं कूलंट एकत्रही करू नका. कधीकधी त्याचा चिकट गोळा होतो.

पातळी थोडी उतरली तर काय बिघडतं, असं कुणी विचारलं तर मी ट्रायम्फ स्टॅगचं उदाहरण देतो. 1970 साली आलेली देखणी गाडी, आठ सिलिंडरांचं तीन लिटरचं इंजिन. पण पाण्याचा पंप इंजिनाच्या वरच्या भागात बसवलेला. पाणी जरा कमी झालं की पंपाला हवा लागे, पाणी फिरणं थांबे आणि ॲल्युमिनियमचे हेड वाकत. आराखडा चुकला होता हे खरंच, पण पातळीवर डोळा ठेवणाऱ्यांच्या स्टॅग अजून रस्त्यावर आहेत. तापमानाच्या काट्यावर पूर्ण भरवसा टाकू नका. मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच तो नीट सांगतो. पाणीच गेलं, सेन्सर हवेत उघडा पडला, तर इंजिन भाजत असताना काटा शांत राहू शकतो. म्हणून इंजिन थंड असताना पारदर्शक टाकीवरच्या खुणा पाहायच्या. गरम असताना झाकणाला हात लावू नका. आत दाब असतो, आणि झाकण फिरताच उकळतं पाणी तोंडावर येतं. आणि एक कळकळीची विनंती. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं. चमचाभर पोटात गेलं तरी मांजर दगावतं. जमिनीवर सांडलेला थेंबही पुसून घ्या, डबा मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नका.

तिसरं, ब्रेक ऑइल. तिन्हींत सर्वांत कमी पाहिलं जाणारं, आणि माझ्या मते जिवाच्या दृष्टीने सर्वांत मोठं. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. टाकीच्या झाकणातून, अगदी रबरी नळ्यांच्या अंगातूनही. गाडी नुसती उभी असली तरी हे चालूच राहतं. डॉट-4 दर्जाचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा 155 वर येते. रोजच्या गावातल्या गाडीला हा फरक जाणवतही नाही.

जाणवतो तो सुट्टीत. लेक डिस्ट्रिक्टमधला हार्डनॉट पास घ्या. काही ठिकाणी चढ तीनास एक, म्हणजे तीन फूट पुढे गेलं की एक फूट वर. गाडीत पाच माणसं, डिकीत आठवड्याचं सामान, ड्रायव्हर उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवून. डिस्क तापतात, उष्णता ऑइलपर्यंत पोचते, त्यातलं पाणी उकळून वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल तळाला टेकतं आणि गाडी थांबत नाही. खाली कुठे सुखरूप थांबलात तर अर्ध्या तासात सगळं थंड होतं, वाफेचं पुन्हा पाणी होतं, पेडल घट्ट लागतं, आणि गॅरेजमध्ये ‘काही दोष नाही’ म्हणून गाडी परत मिळते. दोष अंगात तसाच राहतो. म्हणून सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्ण बदलून घ्यावं, आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा. फोडून ठेवलेल्या डब्यातलं उरलेलं ऑइल वापरू नये. पातळी उतरलेली दिसली तर वरून भरून मोकळं होऊ नका. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात आणि तेवढं ऑइल तिकडे जातं. आधी पॅड पाहायला सांगा. पॅड नवे असूनही पातळी उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती बंद झाल्याशिवाय गाडी काढायची नाही.

वायपरच्या पाण्याबद्दल थोडक्यात. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात, बरंचसं चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतलं. पुढच्या ट्रकने उडवलेलं ते पाणी काचेवर वाळलं की समोरचं दिसत नाही. साधं पाणी टाकीत गोठतं, म्हणून स्क्रीनवॉश हवं. तब्येतीसाठीही हवं. 2010 मध्ये हेल्थ प्रोटेक्शन एजन्सीच्या अभ्यासात या टाकीतल्या नुसत्या पाण्याचा संबंध लीजनेअर्स या न्यूमोनियाच्या एका प्रकाराशी आढळला. इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे एक पंचमांश रुग्णांमागे हे कारण असावं, असा त्यांचा अंदाज होता. स्क्रीनवॉश घातलं की त्या आजाराचे जंतू वाढत नाहीत.

नव्या डिझेल गाड्यांत ॲडब्लू नावाचं युरियाचं पाणी लागतं. ते संपलं तर बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू होत नाही. त्याची निळी टोपी आणि डिझेलची टोपी शेजारीशेजारी असू शकतात. ॲडब्लू डिझेलच्या टाकीत गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका, मदत बोलवा. आणि गाडी इलेक्ट्रिक आहे म्हणून सुटका नाही. इंजिन ऑइल गेलं, पण ब्रेक ऑइल आहे, बहुतेक गाड्यांत बॅटरीसाठी कूलंट आहे. ब्रेक कमी वापरले जातात म्हणून ऑइलमध्ये ओलावा शिरायचा थांबत नाही.

घरी ऑइल बदलणाऱ्यांनी जुनं ऑइल गटारात ओतू नये. तो गुन्हा आहे, आणि इथली पावसाची गटारं बहुधा सरळ ओढ्यानदीत उघडतात. डब्यात भरून कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रावर द्या.

शेवटी, सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांसाठी. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की तिच्या जुन्या एमओटींचा इतिहास फुकट दिसतो. पास-नापास एवढंच पाहून थांबू नका, खाली लिहिलेल्या सूचना वाचा. ‘ऑइल गळतं’ असं दोन-तीन वर्षं ओळीने लिहिलेलं असेल तर मालकाने त्यावर काहीच केलेलं नाही. मग विकणाऱ्याला विचारा, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, कूलंट कधी बदललं, पावती आहे का. पावती नसेल तर दोन्ही बदलायचा खर्च किमतीतून कमी करून मागा, आणि गाडी घरी आणल्यावर त्याच आठवड्यात ते काम करून घ्या.