संगणकावरील विमान आणि साधनाची निवड



विमान चालविण्याचा अनुभव घरबसल्या देणारीं सिम्युलेटरें आज पुष्कळ सुशिक्षित घरांत पोंचलीं आहेत. मायक्रोसॉफ्टचें फ्लाइट सिम्युलेटर १९८२ सालीं प्रथम निघालें; एक्स-प्लेन १९९५ सालीं आलें; आणि फ्लाइटगिअर हें तर हौशी लोकांनीं मिळून घडविलेलें, कोणासहि विनामूल्य मिळणारें सिम्युलेटर आहे. कांहीं दिवस हीं विमानें उडविल्यावर तरुण मनांत एक निराळीच इच्छा उत्पन्न होते. दुसऱ्यानें केलेलें विमान उडविण्यापेक्षां आपणच एखादें कां घडवूं नये? इच्छा स्तुत्य आहे. परंतु तिच्या पाठोपाठ येणारा प्रश्न घरांतील वडील माणसांच्या खिशाशीं संबंध ठेवणारा असतो. ह्या कामासाठीं कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें, आणि त्यास किती पैसे मोजावे? आज ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

साधनाची निवड करण्यापूर्वीं काम कोणतें हें समजून घेतलें पाहिजे. उदाहरणादाखल आपल्या देशांतील एचटी-२ हें शिकाऊ वैमानिकांचें विमान घेऊं. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनींत डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या देखरेखीखालीं त्याची आखणी झाली आणि ५ ऑगस्ट १९५१ रोजीं तें प्रथम उडालें. घाटगे हे मराठी गृहस्थ, आणि जर्मनींतील ग्योटिंगेन येथें प्रांट्ल ह्या विख्यात शास्त्रज्ञाचे शिष्य. हें विमान नवशिक्यास सोयीचें आहे. पंख खालच्या बाजूस, चाकें न मिटणारीं, इंजिन एकच, व बैठका एकीमागें एक अशा दोन. पंखांचा विस्तार सुमारें १०.७ मीटर व लांबी सुमारें ७.५ मीटर.

हें विमान संगणकावर उभें करणें म्हणजे प्रथम त्याचे समोरून, बाजूनें व वरून काढलेले आराखडे पडद्यावर मांडणें, आणि त्यांच्या आधारें लहान लहान त्रिकोण-चौकोनांचें एक जाळें विणून त्याला धडाचा व पंखांचा आकार देणें. त्यानंतर ह्या जाळ्याचा पृष्ठभाग, संत्र्याची साल सोलून सपाट पसरावी तसा, कागदासारखा उलगडावा लागतो व त्यावर रंग, खिळे, सांधे व अक्षरें रंगवावीं लागतात. शेवटीं एलेरॉन, एलेव्हेटर, रडर, पंखा व चाकें हे भाग आपापल्या बिजागरीभोंवतीं बरोबर फिरतील अशी योजना करावी लागते. म्हणून साधनांत चार गुण हवेत: जाळें विणण्याची सोय, पृष्ठभाग उलगडण्याची सोय, हालचाल देण्याची सोय, आणि तयार झालेली वस्तु आपल्या सिम्युलेटरास समजेल अशा स्वरूपांत बाहेर काढण्याची सोय. ह्यांतील चौथा गुण पुष्कळांच्या ध्यानांत शेवटीं येतो. वास्तविक तो सर्वांत आधीं पाहिला पाहिजे.

कारण प्रत्येक सिम्युलेटरची भाषा वेगळी आहे. मायक्रोसॉफ्टच्या २०२० व २०२४ सालच्या सिम्युलेटरांस जीएलटीएफ नांवाचें स्वरूप लागतें. फ्लाइटगिअरमध्यें एसीथ्रीडी ह्या आज्ञावलीचें स्वरूप रूढ आहे. एक्स-प्लेनची फाइल ओबीजे नांवाची असते; परंतु ह्याच नांवाचें दुसरें एक स्वरूप चित्रकारांत सर्वत्र प्रचलित आहे, आणि दोहोंत नामसाम्यापलीकडे कांहीं नाहीं. ‘हें सॉफ्टवेअर ओबीजे काढतें’ एवढ्या एका वाक्यावर विसंबून खरेदी करणारा मनुष्य हटकून फसतो.

आतां बाजारांतील साधनांकडे वळूं. व्यावसायिक मंडळी थ्रीडीएस मॅक्स वापरतात. तें समर्थ आहे ह्यांत शंका नाहीं. परंतु तें विकत मिळत नाहीं, वर्गणीनें मिळतें, आणि ती वर्गणी अमेरिकेंत वर्षाला दीड हजार डॉलरांहून अधिक पडते. विद्यार्थ्यांस तें अभ्यासापुरतें विनामूल्य देतात. मात्र त्यावर केलेलें विमान विकतां येत नाहीं. दुसऱ्या टोकास थोड्या किंमतींत मिळणारें एसीथ्रीडी आहे. तें लहान, शिकण्यास सोपें, आणि फ्लाइटगिअर व एक्स-प्लेन ह्या दोहोंच्या करणाऱ्यांत फार दिवसांपासून परिचित आहे. विंग्ज थ्रीडी हें विनामूल्य असून आकार घडविण्यास चांगलें, परंतु हालचालीची सोय त्यांत नाहीं. स्केचअप घरें व इमारती काढण्यास सुखकर आहे. विमानाच्या गोलाईदार अंगास तें तितकेंसें मानवत नाहीं.

राहतां राहिलें ब्लेंडर. तें पूर्णपणें विनामूल्य आहे आणि वर सांगितलेले पहिले तिन्ही गुण त्यांत आहेत. चौथ्या गुणासाठीं त्याला निर्यात करणाऱ्या जोड-आज्ञावल्या लावतां येतात: मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरासाठीं एक, एक्स-प्लेनच्या कर्त्यांनीं दिलेली एक, आणि एसीथ्रीडीच्या स्वरूपासाठीं एक. मात्र ही जोड ब्लेंडरच्या प्रत्येक आवृत्तीशीं जुळेलच असें नाहीं. म्हणून आधीं जोडीबरोबरचें सूचनापत्रक वाचावें, आणि त्यांत जी आवृत्ति सांगितली असेल तीच घ्यावी. सर्वांत नवी तीच सर्वांत चांगली, हा समज येथें महागांत पडतो.

विनामूल्य वस्तूवर भरंवसा कसा ठेवावा, अशी शंका सुज्ञ गृहस्थांस येईल. ती रास्त आहे, आणि तिचें उत्तर दोन साधनांच्या इतिहासांत सांपडतें. थ्रीडीएस मॅक्सच्याच घराण्यांतील जीमॅक्स नांवाची एक आज्ञावली पूर्वीं फुकट मिळत असे, व शेंकडों हौशी लोकांनीं तीवर विमानें केलीं. २००५ सालीं तिच्या मालकांनीं तिचें काम थांबविलें. वस्तु फुकट होती, पण ती लोकांची नव्हती. मालकाची मर्जी फिरली तेव्हां वापरणारांस तिचें काम पुढें चालवितां आलें नाहीं. ब्लेंडरची गोष्ट ह्याच्या उलट आहे. हॉलंडमधील टॉन रोझेंडाल यांनीं १९९४ सालीं तें लिहावयास घेतलें. तें चालविणारी कंपनी २००२ सालीं बुडाली. तेव्हां वापरणारांनीं वर्गणी काढली, सात आठवड्यांत एक लाख युरो जमविले, आणि त्या रकमेंत ब्लेंडर सोडवून १३ ऑक्टोबर २००२ रोजीं सर्वांस खुलें केलें. त्याची मूळ संहिता आज कोणासहि वाचतां, सुधारतां व वांटतां येते. एक संस्था उद्यां बंद झाली तरी दुसऱ्यांनीं तें पुढें चालवावें ह्यास कायद्याची आडकाठी नाहीं. म्हणून साधन निवडतांना ‘किंमत किती?’ ह्याबरोबर ‘मालकी कोणाची?’ हाहि प्रश्न विचारावा. वर्गणी थांबली कीं आपलेंच विमान आपल्यास उघडतां येऊं नये, ही स्थिति दोन वर्षें रात्री जागविणाऱ्या कारागिरास कशी परवडावी?

येथें एक अप्रिय गोष्टहि बोलली पाहिजे. महाग सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती मिळतात आणि पुष्कळ घरांत त्या निःशंकपणें वापरल्या जातात. ती चोरी आहे हें तर खरेंच. परंतु व्यवहारदृष्ट्याहि ती आंतबट्ट्याची आहे. चोरट्या प्रतीबरोबर संगणकांत काय शिरेल ह्याचा नेम नसतो, आणि तीवर केलेलें विमान उघडपणें विकतां येत नाहीं. न्याय्य मार्गानें मिळणारें चांगलें साधन हाताशीं असतांना ह्या वाटेस जाण्याचें प्रयोजन नाहीं.

आणखी एका भ्रमाचें निरसन करून आटोपतें घेतों. सुंदर आकृति केली म्हणजे विमान उडूं लागलें, असें नव्हे. उडण्याचें गणित निराळें असतें. एक्स-प्लेनबरोबर मिळणाऱ्या प्लेन-मेकरमध्यें पंखांचीं मापें भरलीं म्हणजे पंखाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरील बलाचा हिशेब होतो. फ्लाइटगिअरमध्यें जेएसबीसिम किंवा यासिम हें काम करतें. हीं साधनें त्या त्या सिम्युलेटरबरोबरच येतात. त्यांस वेगळा खर्च नाहीं. खर्च आहे तो अभ्यासाचा.

सारांश, प्रथम सिम्युलेटर ठरवावें. मग त्याची भाषा पाहावी. मग ब्लेंडरची जुळणारी आवृत्ति घ्यावी व रंगकामासाठीं गिंप हें तितकेंच विनामूल्य साधन जोडीला ठेवावें. ब्लेंडर अवघड वाटल्यास एसीथ्रीडीसारखें स्वस्त साधन घेण्यास हरकत नाहीं. पहिलें विमान साधें निवडावें. जेट लढाऊ विमानाची हांव धरणाऱ्यांचें काम बहुधा धडाच्या अलीकडेच अडतें. एचटी-२ सारखें न मिटणाऱ्या चाकांचें विमान घेणारा एक दिवस धांवपट्टीवर येऊन उभा राहतो. घाटग्यांच्या विमानाचा रडर खऱ्या मापानें आखून, तो बिजागरीवर डावी-उजवीकडे फिरलेला पाहिला म्हणजे, तो तिथेंच कां बसविला असेल हा प्रश्न मुलाच्या मनांत आपोआप उठतो. ज्या घरांत असा प्रश्न उठला, त्या घरचे पैसे वांचले असोत वा खर्चिले असोत, ते सत्कारणींच लागले असें समजावें.