पीसीतलं पाणी आणि काळी नळी

आजचा भाग थोडा वेगळा आहे. सात वर्षांनी मी परत एकदा पीसीमध्ये पाणी घातलंय. म्हणजे चुकून सांडलं नाही, मुद्दाम घातलंय. कस्टम वॉटर कूलिंग! कुठली नळी घ्यावी, कुठले पार्ट घ्यावेत, हे सगळं सांगतो. पण त्याआधी एक जुनी गोष्ट कबूल करायची आहे.

२०१८ साल. मी बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला, होस्टेलवर. पप्पांनी केळीच्या पैशातून मला ग्राफिक्स कार्ड घेऊन दिलं होतं, साधारण तीस हजारांचं. आणि मला चढली हौस. ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून ॲल्युमिनियमचा रेडिएटर घेतला. ब्लॉक तांब्याचे. नळी कुठली, तर हार्डवेअरच्या दुकानातला लेव्हल पाइप, तो गवंडी लोक वापरतात तोच. आत होस्टेलच्या फिल्टरचं पाणी आणि वर निळा खायचा रंग. फोटो मात्र झकास आले!

पाच महिन्यांनी एका रात्री स्क्रीन काळी. बघतो तर फिटिंगमधून थेंब थेंब पाणी कार्डावर. कार्ड गेलं. घरी सांगितलं, "पप्पा, विकून टाकलं, अभ्यास होत नव्हता." ते खूश झाले. ते खूश झाले, हेच जास्त लागलं.

आता त्या लूपमध्ये काय चुकलं होतं ते बघू, कारण आज पार्ट निवडताना तेच उपयोगी पडतं.

पहिली चूक, धातू. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात म्हणजे चक्क बॅटरी झाली. त्यात ॲल्युमिनियम झिजत जातं आणि त्याचा गाळ ब्लॉकमध्ये अडकतो. म्हणून रेडिएटर तांब्या-पितळेचाच घ्या, फिटिंग पितळेची, ब्लॉक तांब्याचा किंवा निकेल चढवलेला. वर्णनात ॲल्युमिनियम दिसलं, तर तो भाग पाण्याला लागतो का, एवढं नक्की तपासा. बाहेरची चौकट असेल तर चालतं.

दुसरी चूक, माप. हे नीट ऐका, कारण माझं कार्ड यानेच मेलं. नळीला दोन मापं असतात, आतला व्यास आणि बाहेरचा. १०/१३ आणि १०/१६ या दोन्ही नळ्या आतून दहा मिलिमीटरच. पण फिटिंगची रिंग आवळते ती बाहेरून. तेराची रिंग सोळाच्या नळीवर बसणारच नाही, आणि सोळाची रिंग तेराच्या नळीला धरणारच नाही. माझा लेव्हल पाइप रिंगपेक्षा बारीक होता. थंड असताना टिकला, गरम होऊन मऊ पडला आणि सुटला. नळी आणि फिटिंग, दोन्हीवरचे दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. बस.

तिसरी चूक, नळीचा प्रकार. पारदर्शक मऊ नळी बहुतेक वेळा पीव्हीसीची असते. तिला मऊ ठेवायला प्लास्टिसायझर घालतात. तो हळूहळू पाण्यात उतरतो, नळी दुधाळ होते आणि सीपीयू ब्लॉकच्या बारीक फटींमध्ये चिकट थर बसतो. कडक नळीत दोन पर्याय, पीईटीजी आणि ॲक्रिलिक. पीईटीजी वाकवायला सोपी, पण पाणी ६० अंशांच्या वर गेलं की तिचा भरवसा नाही. ॲक्रिलिक जास्त उष्णता सोसते, पण कापताना तडकते. दोन्हीसाठी हीट गन, आत घालायची सिलिकॉनची दोरी आणि भरपूर संयम लागतो. आणि उद्या रॅम बदलायची म्हटलं तरी कधीकधी अख्खी नळी काढावी लागते. राहिली ईपीडीएम. काळी, रबरी, जाड. प्लास्टिसायझरची भानगड नाही, सहजासहजी दुमडत नाही. पण आतलं काहीच दिसत नाही. ना रंग, ना लायटिंगची मजा.

मी अडकलो होतो इथेच. पारदर्शक की काळी? दोन्हींचे तुकडे मागवून पलंगावर ठेवले होते. पप्पा त्या आठवड्यात रावेरहून पुण्याला आले होते. त्यांनी दोन्ही तुकडे हातात घेतले, वाकवून बघितले आणि म्हणाले, "काळी घे. पांढऱ्यात उजेड गेला की शेवाळ धरतं. आपल्या ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात मग?"

मी गप्प. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं आणि घरच्या शेतात अंथरलेल्या नळ्यांचा रंग काळा का, हे कधी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी सहज विचारलं, "ते आधीचं कार्ड कितीला विकलं होतंस रे?"

सांगून टाकलं सगळं. लेव्हल पाइप, निळा रंग, थेंब. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेव्हाच सांगायचं ना लेका. नळी कुठून सुटली ते तरी दोघांनी बघितलं असतं."

रागावले असते तर बरं वाटलं असतं, खरं सांगतो.

असो. तर या वेळचा लूप असा. काळी ईपीडीएम नळी, १०/१६. एक ३६० आणि एक २४० चा तांब्याचा रेडिएटर. डी५ पंप आणि त्याच्या डोक्यावर टाकी, कारण पंप कोरडा फिरता कामा नये. बाकी कुठला पार्ट आधी आणि कुठला नंतर, याची फार चिंता करू नका. पाणी इतकं भराभर फिरतं की सगळीकडे तापमान जवळपास सारखंच राहतं. सर्वात खालच्या टोकाला ड्रेन व्हॉल्व्ह. हा माझा आवडता पार्ट, कारण पाणी कधी ना कधी काढावंच लागतं. जुना सीपीयू ब्लॉक असेल तर नव्या सॉकेटचं ब्रॅकेट मिळतं का बघा. ग्राफिक्स कार्डचा ब्लॉक मात्र त्या त्या कार्डापुरताच असतो, म्हणून कार्ड घेण्याआधी त्याचा ब्लॉक बाजारात आहे का ते शोधा.

रेडिएटर आधी डिस्टिल्ड वॉटरने धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मी आत तयार कूलंट भरलं, बिनरंगाचं.

आणि पाणी भरण्याआधी हवेची टेस्ट. गेज असलेला हातपंप मिळतो. पप्पांनी दट्ट्या मारला, मी गेज धरला. अर्धा बार. अर्धा तास आम्ही दोघं त्या सुईकडे बघत बसलो. चहा झाला, केळीच्या भावाची चर्चा झाली. सुई हलली नाही.

आता प्रामाणिक उत्तर, हे सगळं गरजेचं आहे का? नाही. चांगला एअर कूलर बहुतेकांना पुरतो. पाणी खोलीपेक्षा थंड होत नाही, एप्रिलमध्ये खोली ३५ अंशांवर असेल तर पाणी त्याच्या वरच राहणार. मला मिळालं ते म्हणजे शांतता. रात्री कोड कंपाइल होताना पंख्यांचा आवाज जवळपास येतच नाही.

पप्पा गावी गेलेत. परवा फोनवर विचारत होते, "नळी गळत नाही ना?" म्हटलं, नाही गळत. या वेळी खरं सांगितलं.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत नळीवरचे दोन्ही आकडे वाचा!