सुपरवायझरबाईची वर्षं कुठे लिहिली आहेत?

जेवणं आटोपून बसला असाल, तर थोडं पगाराविषयी बोलू.

आमच्या गटाच्या बैठकीत मागे एक गोष्ट निघाली. तलासरीकडची एक बाई अच्छाडचा नाका ओलांडून रोज उंबरगावच्या कारखान्यात जाते. पॅकिंगची सगळी लाइन तीच सांभाळते. नऊ वर्षं झाली. तिची मावसबहीण बोईसरला तसंच काम करते, तिला तीनच वर्षं झाली. दोघींनी पगार सांगितला तेव्हा नऊ वर्षंवालीचा कमी निघाला. ती गप्पच झाली. मग म्हणाली, "माझी वर्षं गेली कुठे?"

आज तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधू.

पहिली गोष्ट, जागा. किमान वेतन आपण राहतो तिथलं लागत नाही, काम करतो तिथलं लागतं. राहतो तलासरीत, पण कारखाना उंबरगावात असेल तर दर गुजरातचा. रोजगार हमीचंच बघा. २०२५-२६ साली त्या कामाची रोजची मजुरी महाराष्ट्रात ३१२ रुपये होती, गुजरातेत २८८. नाका ओलांडला की दिवसाला २४ रुपयांचा फरक.

आपल्या राज्यातही दर सगळीकडे एक नाही. बहुतेक उद्योगांसाठी सरकार भाग पाडतं, त्यांना परिमंडळ म्हणतात. महानगरपालिकेच्या भागात दर जास्त, खेड्यापाड्यांत कमी. आपल्या पालघर जिल्ह्यात वसई-विरारची महानगरपालिका आहे, डहाणूची नगरपरिषद आहे आणि आपले पाडेही आहेत. म्हणजे जिल्हा एक, पण दर वेगवेगळे. त्यावर महागाईप्रमाणे विशेष भत्ता मिळतो. तो महाराष्ट्रात दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैमध्ये बदलतो. जुलैचा पगार जूनएवढाच आला, तर विचारायला हवं.

दुसरी गोष्ट, कामाचा वर्ग. अकुशल, अर्धकुशल आणि कुशल. प्रत्येकाचा दर वेगळा. कुशल कोणाला म्हणायचं? केवळ आयटीआय केलेल्याला नाही. कामावरच्या अनुभवातून आलेलं कौशल्यही त्यात धरतात, आणि ज्या कामात स्वतः पुढाकार घेऊन निर्णय करावा लागतो ते काम कुशल. आता सांगा, कोणती पेटी परत उघडायची, कोणाला कुठल्या टेबलावर बसवायचं, माल कमी भरला तर काय करायचं, हे लाइनवर कोण ठरवतं? चिकूच्या वखारीत फळाची प्रत कोण ठरवतं? ती बाईच ना?

तिसरी गोष्ट, वर्षं. इथेच आपण फसतो. किमान वेतनाच्या तक्त्यात वर्षांचा रकाना नसतो. एक वर्ष झालेली हेल्पर आणि नऊ वर्षं झालेली हेल्पर, दोघींना किमान दर एकच. सरकारी नोकरीत तसं नाही. अंगणवाडीच्या मुख्यसेविकेला वर्षाला तीन टक्के वेतनवाढ ठरलेली असते. शंभर रुपये मूळ पगार धरला तर नुसत्या वेतनवाढीनं दहा वर्षांत तो १३४ च्या आसपास जातो, कोणाला विनवावं लागत नाही. आणखी एक ऐका. डहाणू-तलासरी आदिवासी क्षेत्र म्हणून इथल्या सरकारी कर्मचाऱ्याला प्रोत्साहन भत्ता मिळतो. त्याच मातीतल्या कारखान्यातल्या बाईला मात्र ग्रामीण भाग म्हणून खालचा दर लागू शकतो.

मग त्या बाईची नऊ वर्षं गेली कुठे? कागद काढले तेव्हा कळलं. ती लाइन चालवते, पण कागदावर 'हेल्पर' आहे. आणि ठेकेदार दोनदा बदलला. दर वेळी ती नव्यानं लागली असंच लिहिलं गेलं. तिच्या बहिणीच्या नेमणूकपत्रावर पहिल्या दिवसापासून 'सुपरवायझर' आहे.

म्हणून बायांनो, चार कामं करा. नेमणूकपत्र मागा आणि त्यावर पद काय लिहिलंय ते कोणाकडून तरी वाचून घ्या. पगाराची पावती दर महिन्याला घ्या, त्यावर वर्ग आणि भत्ता बघा. पीएफ कापत असतील तर यूएएन नंबर जपून ठेवा. ठेकेदार बदलला, राज्य बदललं, तरी नंबर एकच राहू द्या. कुठे कधीपासून काम केलं ते त्यात दिसतं, तोच आपला अनुभवाचा दाखला. आणि काम सोडताना अनुभवाचं पत्र घेतल्याशिवाय निघू नका.

शेजारच्या टेबलावरच्या पुरुष सुपरवायझरला त्याच कामाचे जास्त मिळत असतील, तर तेही चालत नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्यानं ते बंद केलं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ते बंदच आहे. तक्रार कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करायची. कारखाना गुजरातेत असेल तर तिथल्या श्रम खात्याकडे.

एकटीनं विचारायला भीती वाटते, कबूल. पण १९४५ साली याच तलासरीतल्या झरी गावात वारली माणसं जमली आणि बारा आणे रोख रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही असं ठरवलं. त्यांच्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. दर मात्र सगळ्यांनी मिळून एकच सांगितला.

पुढच्या बैठकीला येताना बचतीच्या वहीबरोबर आपापली पगाराची पावती आणा. मधे ठेवा, एकमेकींच्या बघा. त्या बाईनं आता पद दुरुस्त करण्यासाठी अर्ज दिलाय. उत्तर अजून यायचंय. पण अर्जावर तिच्याबरोबर लाइनवरच्या अकरा जणींच्या सह्या आहेत.

येते मी. नमस्कार.