गुण आणि वशिला

सुरतेच्या उधना-लिंबायत भागातील मराठी कामगाराचा मुलगा महाविद्यालयात जातो, तेव्हा त्याच्यासाठी शब्द टाकणारा कोणी नसतो. नियम हीच त्याची ढाल. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाने २०१५ साली असा नियम आपल्या फुटबॉल-प्रशिक्षकालाही लागू केला. खेळाडूच्या गुणांविषयी प्रशिक्षकाने अध्यापकाशी परस्पर संपर्क साधू नये, असा तेथे दंडक होता. काइल फ्लड यांनी तो मोडून खासगी ईमेल धाडला. तीन सामन्यांची बंदी आणि ५०,००० डॉलर दंड, अशी त्यांना शिक्षा झाली. हेतू विद्यार्थ्याच्या हिताचा असेलही; परंतु वजनदार माणसाची विनंती अध्यापकाला आज्ञेसारखीच ऐकू येते. मैदानावर कोणी उसने गुण देत नाही. ते वर्गातही मिळू नयेत.