रेकॉर्डच्या दुकानाची गोष्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी “आवडीच्या विषयावर दहा मिनिटे बोला” असे सांगितले, तेव्हा मी थोडी घाबरलेच. मी काही वक्ती नव्हे; सारा जन्म घर आणि कचेरी यांच्यामध्ये धावण्यात गेला. पण आवडीचा विषय म्हटल्याबरोबर डोळ्यांपुढे एक दुकान आले. साडीचे नव्हे की सोन्याचे नव्हे, गाण्याच्या रेकॉर्डचे! आज त्या दुकानाची हकीकत सांगते. तिच्यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही तुमच्यापुढे कबूल करते.

मुंबईत फोर्टमध्ये काळा घोडा नावाचा भाग आहे. सातव्या एडवर्ड राजाचा घोड्यावर बसलेला काळा पुतळा तेथे होता. १९६५ साली तो तेथून हलवला आणि पुढे भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. नाव मात्र मागे राहिले. तेथेच जहांगीर कलादालनासमोर ‘ऱ्हिदम हाऊस’ हे दुकान होते. ते निघाले १९४८ साली, म्हणजे समोरचे कलादालन उघडले त्याच्या चार वर्षे आधी. त्या दुकानाचे वैशिष्ट्य असे की, तेथे रेकॉर्ड ऐकण्यासाठी वेगळ्या छोट्या खोल्या होत्या. आधी ऐका, मनाला आले तर घ्या!

तरुण मुलींना यात काय विशेष, असे वाटेल. म्हणून थोडे मागे जाते. आपल्याकडे गाण्याची तबकडी प्रथम भरली गेली ती १९०२ साली, कलकत्त्यास. त्या पहिल्या गायकांत गौहरजान होती. तेव्हा घरंदाज बाईने मैफलीला जाऊन बसणे म्हणजे लोकांच्या बोलण्याला आमंत्रणच. गाणारीला नावे ठेवायची आणि ऐकणारीलाही! पण तबकडी माजघरात आली आणि तिच्याबरोबर गाणेही उंबरठा ओलांडून आत आले. दहा इंची तबकडी, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. ती बनायची लाखेची. आपल्या बांगड्यांची लाख तीच ही! म्हणून हातातून पडली की बांगडीसारखीच फुटायची.

तीन मिनिटांत काय गाणार, असे म्हणू नका. गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत घालून अंतराळात पाठवली गेली. त्याच वर्षी बाई गेल्या. आवाज अजून चाललाच आहे.

आता माझी गोष्ट. १९६७ साली मी त्याच भागात एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. आम्ही गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. माझी आई लग्नाआधी गाणे शिकत होती. लग्न झाले आणि पेटी माहेरीच राहिली. सासरी तिचे गाणे उरले ते दळण निवडताना, तेही गुणगुणण्यापुरते. एकदा माझ्या फीच्या कामासाठी ती कॉलेजात आली होती. परतताना मी तिला दुकानात नेले. ती दारातच थबकली. म्हणाली, “अगं, घ्यायचं नाही काही, तर आत कशाला जायचं?”

मी हिराबाई बडोदेकरांची रेकॉर्ड मागितली. आम्ही दोघी त्या छोट्या खोलीत उभ्या राहिलो. गाणे सुरू झाले तशी आईने पदर डोक्यावरून सारखा केला, देवापुढे करतात तसा. तीन मिनिटे ती हलली नाही. संपल्यावर हळूच म्हणाली, “पुन्हा लावतील का गं?” काउंटरवरच्या गृहस्थांनी काही न बोलता पुन्हा लावली. आमच्याजवळ पैसे नव्हते, हे आमच्या चपलांवरूनही कळत असेल. तरी बाहेर पडताना ते एवढेच म्हणाले, “पुन्हा या, बाई.” बसमध्ये आई कितीतरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मी ही चीज शिकले होते.” मला हे तोवर माहीतच नव्हते!

१९७१ साली माझा पहिला पगार झाला, तेव्हा तीच रेकॉर्ड मी घरी आणली. फोनो शेजारच्या बिऱ्हाडातून मागून आणला. त्या रात्री आईने तबकडीच्या पाठोपाठ आवाज काढला. वडील पेपर वाचत होते. त्यांनी तो मिटून बाजूला ठेवला.

पुढे काळ बदलला. लाखेच्या तबकड्या गेल्या, मोठ्या एल.पी. आल्या, मग कॅसेटी, मग चकचकीत सी.डी. दुकानाने प्रत्येक नव्या पाहुण्याला जागा दिली. गाण्याच्या कार्यक्रमांची तिकिटेही तेथे मिळत. मग चोरून केलेल्या नकला रस्त्यावर मिळू लागल्या आणि नंतर तर गाणे फुकट फोनमध्येच आले. फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस ऱ्हिदम हाऊस बंद झाले. अडुसष्ट वर्षांचा संसार आटोपला.

बातमी वाचून मी धावत गेले. आत पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्यासारखीच माणसे हळहळत होती, जुन्या आठवणी सांगत होती. एका बाईंनी मला विचारले, “तुम्ही याआधी कधी आला होतात?” मी हिशेब केला. नऊ वर्षे झाली होती! गाणे रोज ऐकत होते, पण फोनवर. ज्या दुकानाने माझ्या आईला फुकट दोनदा गाणे ऐकवले, तिकडे मी नऊ वर्षांत फिरकले नव्हते. भगिनींनो, दुकान काळाने बंद केले असे आपण म्हणतो. पण काळ म्हणजे कोण? थोडीशी मीच की!

हे सांगण्याचे कारण आहे. आपल्या मंडळाच्या भजनवर्गाला पूर्वी तीस जणी येत, आता सात येतात. वाचनालयाचे कपाट आठवडा-आठवडा उघडत नाही. उद्या ते बंद करायची वेळ आली, तर आपण सगळ्या जमू, डोळे पुसू, फोटो काढू. त्यापेक्षा आज या! सुनांना आणा, नातींना आणा. घरात माळ्यावर जुन्या रेकॉर्ड असतील त्या भंगारवाल्याला देऊ नका. माझ्याकडे चालू फोनो आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो मी मंडळात घेऊन येईन. वर्गणी नको, तिकीट नको. आधी ऐका, मनाला आले तर पुन्हा या.

आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईला एकदा विचारा, “तुम्ही गाणं शिकला होतात का?” उत्तर ऐकून चकित व्हाल.

आईची ती तबकडी मी आज बरोबर आणली आहे. एक चरा पडला आहे, तेवढा सांभाळून घ्या. माझे बोलणे येथेच थांबवते आणि सुई ठेवते.