जुने फोटो आणि आपली भेटकार्डे



मंडळाच्या वर्धापनदिनी मी दोन शब्द बोलावे असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, भाषणाचा सराव नाही. पण हाताला जे येते ते सांगायला कसली लाज? म्हणून जुन्या फोटोंवरून भेटकार्डे कशी करावीत ते सांगते.

आपल्या प्रत्येकीच्या घरी, ट्रंकेत नाही तर माळ्यावर, एखादा जुना फोटो असतोच. नऊवारी नेसलेली, नथ घातलेली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली कोणी आजी किंवा पणजी. त्या काळी फोटो निघेपर्यंत काही सेकंद मुळीच हलायचे नसे, म्हणून हाताला खुर्चीचा नाही तर मेजाचा आधार देत. परपुरुषासमोर बसून फोटो काढून घेणे पुष्कळ घरांत चालतही नसे. हैदराबादेत लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली बायकांसाठी निराळा स्टुडिओ काढला, तिथे फोटो काढणारीही बाईच होती. एवढ्या खटपटीने निघालेले हे फोटो आहेत, तेव्हा ते जपूनच हाताळले पाहिजेत.

पहिला नियम हा, की मूळ फोटोला कात्री लावायची नाही. खिडकीजवळ, थेट ऊन पडणार नाही अशा उजेडात ठेवून मोबाइलने त्याचा फोटो घ्यावा आणि दुकानातून लेझरची प्रत काढून आणावी. ही शाई पाण्याने सहसा पसरत नाही, तरी एका कोपऱ्यावर थेंब टाकून पाहावे. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नये, काचेवरूनच प्रत घ्यावी. जुना तपकिरी रंग हवा असेल तर प्रत कोऱ्या चहाच्या गार पाण्यात दोन मिनिटे बुडवून सावलीत वाळवावी.

जाड कागदाचा दहा इंच लांब, सात इंच रुंद तुकडा घ्यावा. मधोमध पट्टी धरून रिकाम्या रिफिलने रेघ दाबावी, म्हणजे घडी सरळ बसते आणि पाच बाय सातचे कार्ड होते. त्यावर जुन्या खणाचा नाही तर विरलेल्या लुगड्याच्या काठाचा तुकडा लावून मध्ये फोटो बसवावा. घरची खळ वापरू नये, तिला झुरळे लागतात. पांढरा गोंद बोटाने पातळ लावावा आणि कार्ड रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवावे.

आता मुख्य गोष्ट. आमच्या घरातल्या एका फोटोला सगळे नुसते 'जुन्या काकू' म्हणत. कार्डावर काय लिहावे म्हणून मी नाव विचारले, तर घरात कोणालाच सांगता येईना. शेवटी ऐंशी वर्षांच्या सासूबाईंना आठवले. माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे. मी फोटोच्या मागे, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने दोन्ही लिहून ठेवली. सासूबाई नसत्या तर ती बाई कायमची बिननावाची राहिली असती.

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचा फिलाडेल्फियातला, १० ऑक्टोबर १८८५चा फोटो तुम्ही पाहिला असेल. त्यात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या तबात इस्लामबुली या दोघी आहेत. तिघीही डॉक्टरकी शिकत होत्या आणि तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. आनंदीबाई १८८७ साली, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच वारल्या. पण त्या फोटोखाली प्रत्येकीचे नाव आणि गाव लिहिलेले आहे, म्हणून सातासमुद्रापलीकडच्या त्या दोघींनाही आपण आज नावाने ओळखतो. आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना, तेही आपल्याला ठाऊक आहे. आपल्या आज्या-पणज्या काही एवढ्या शिकल्या नाहीत, पण नावाने ओळखले जाण्याचा हक्क त्यांचाही आहेच ना?

म्हणून कार्डाच्या आतल्या पानावर शुभेच्छांच्या आधी त्या बाईची दोन्ही नावे, गाव आणि तिची एखादी आठवण लिहा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने असे एक कार्ड करून आणावे, अशी माझी विनंती आहे. मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा. कार्ड पुढच्या महिन्यातही करता येईल, पण नावे सांगणारी माणसे थकत चालली आहेत.