सल्ला नको, आधी प्रश्न विचारा

बचत गटाच्या बैठकीत एखादीनं अडचण मांडली की काय होतं? सगळ्या एकदम सल्ले देतात. आणि ती बिचारी आली तशीच घरी जाते.

आमच्या उडदाच्या पापडाचं तसंच झालं. माल खपत होता, पण नवी डाळ भरायला पैसे नसायचे. कुणी म्हणे पाकीट चकचकीत करा, कुणी म्हणे कर्ज काढा. मी म्हणाले, भाव वाढवा.

इंग्लंडमध्ये रेग रेव्हन्स नावाचे गृहस्थ होऊन गेले. 1940 नंतरच्या दशकात ते कोळसा खाणींच्या शिक्षणाचं काम बघत. तज्ज्ञांची भाषणं ठेवण्यापेक्षा त्यांनी खाणींच्या मॅनेजरांनाच छोट्या गटांत बसवलं. एकमेकांच्या अडचणी पाहा, विचारा, करून बघा, परत येऊन सांगा. याला ‘ॲक्शन लर्निंग’ म्हणतात, म्हणजे कृतीतून शिकणं.

पाच-सहा जणी बसायचं. एकीनं अडचण सांगायची, बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. “तू भाव का वाढवत नाहीस?” हा प्रश्न नव्हे हं, तो सल्लाच! शेवटी तिनं स्वतः ठरवायचं, पुढच्या बैठकीपर्यंत मी काय करणार.

आम्ही आमच्या खजिनदार ताईंना मध्ये बसवलं. उधारी किती दुकानांत आहे? “असेल आठ-दहा.” लिहिलीय कुठे? “चिठ्ठ्यांवर.” वसुलीला कोण जातं? सगळ्या गप्प. पापड पोचवायला सगळ्या जायच्या, पैसे मागायला कुणीच नाही. दुकानदार कुणाचे दीर, कुणाचे मामेसासरे. मागायचं कसं?

ताईंनी चिठ्ठ्या वहीत उतरवून आणल्या. अकरा दुकानं, चौदा हजार सहाशे रुपये. सगळ्यात मोठा आकडा माझ्याच दिरांच्या दुकानाचा! आणि मी भाव वाढवायला निघाले होते.

एकीनं हळूच विचारलं, “तुमच्या भाऊजींना कोण सांगणार?” आता ठरवायची पाळी माझी होती. गेले, वही पुढे ठेवली. अर्धे पैसे मिळाले. पंधरा दिवस घरात बोलणं जरा कमीच होतं, ते असो.

आता मागचं बिल भरल्याशिवाय नवी पाकिटं देत नाही. एका दुकानानं त्यावरून आमचा माल बंद केला. तिथं पाकिटं चांगली खपायची. येत्या मंगळवारी तीच अडचण घेऊन मी मध्ये बसणार आहे.